मागं अजून एक

बस की. समोरच्या टायरवाल्यानं पाऊण तास सांगितलाय म्हणजे दीड तास धर. मी या मिलवॉकीत जन्मलो, या रस्त्यावर चाळीस वर्षं राहतोय, आणि त्या माणसानं पाऊण तासात कुणाला मोकळं केलेलं मी पाहिलं नाही. तोवर एक गोष्ट ऐक. उत्तरेकडच्या रानातली आहे. रान म्हटलं की लोकांना अस्वल लागतं. माझ्या गोष्टीत अस्वल एकदाच येतं आणि तेही खोटं असतं. गोष्ट आहे ती या बोटाची. हे, अंगठ्याशेजारचं. एकतीस वर्षं फाउंड्रीत ग्राइंडर धरून याची शुद्ध गेलीय. थंडीत पांढरंफटक पडतं. शर्टाचं बटण लावताना बटण कुठं आहे हे मला डोळ्यांनी बघावं लागतं, याला कळत नाही. पण आज सकाळी हे मला न विचारता उठलं.

झालं असं की ब्रेड आणायला निघालो होतो. मे महिना लागला तरी तळ्याकडनं गार वारा येतोच, म्हणून एक हात खिशात आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. समोरून फुटपाथवरनं एक सायकलवाला आला, डोक्यावर हेल्मेट, पाठीला चौकोनी पेटी, कुणाचं तरी जेवण घेऊन चाललेला. आम्ही चार हातांवर आलो आणि माझा खिशातला हात बाहेर आला, वर गेला, आणि हे बोट उभं राहिलं. मधलं नव्हे, हे. मधलं उभं राहिलं असतं तर त्याला कळलं तरी असतं काय समजायचं ते. त्यानं ब्रेक लावला, एक पाय खाली टेकला आणि माझ्या मागं बघितलं. मागं काय होतं? कचऱ्याचा डबा होता, आणि लॉन्ड्रीचं दार होतं. पोरगा सभ्य होता. म्हणाला, "कोण येतंय?" मी म्हणालो, कोणी नाही. तो गेला. मग मी काय केलं असेल? मीही वळून मागं बघितलं. चांगलं मिनिटभर बघत उभा राहिलो. लॉन्ड्रीतल्या बाईनं काचेवर टकटक केलं, काही हवंय का म्हणून. ब्रेड राहिलाच. तिथनं जो निघालो तो सरळ इथं येऊन बसलोय, आणि अकरा वाजल्यापासून ही एकच ब्रँडी पुरवून पितोय, मालकाला विचार.

उत्तरेकडच्या रानात फिरवतात त्या गाड्या तुला माहीत नसतील. चार जाड टायर, मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायचं, चिखल म्हणू नकोस, ओंडके म्हणू नकोस, कशावरनंही जातात. उत्तरेला अशा गाड्यांसाठी शेकडो मैल वाटा आहेत. कुठं जुना लाकूडतोड्यांचा रस्ता, कुठं रूळ उचलून नेलेल्या रेल्वेचा बांध. वाटा अरुंद, दोन्ही बाजूला पाइन, बर्च, वळणापलीकडचं दिसत नाही. म्हणून समोरनं कोणी आलं की सगळ्यात पुढचा माणूस हात वर करून बोटं दाखवतो: माझ्या मागं इतके आहेत. पाच असले तर पंजा. त्याच्या मागचा चार दाखवतो, त्याच्या मागचा तीन. आणि शेवटचा मूठ दाखवतो. मूठ म्हणजे संपलं, वाट मोकळी. हे कायद्यात आहे का, मला माहीत नाही, पण त्याच्या भरवशावर लोकांचे जीव वाचतात. तू एक बोट दाखवलंस की समोरचा कडेला थांबतो, तो एक जाईस्तोवर हलत नाही. चर्चमध्ये खोटं बोलणारे मी पाहिलेत. खेळातले पत्ते मांडीखाली दडवणारे पाहिलेत. वाटेवर बोट खोटं दाखवणारा मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याची दाढी मी रोज सकाळी करतो.

आम्ही दोघंच जायचो, गॉर्डी लेमके आणि मी. गॉर्डी फाउंड्रीत क्रेनवर होता. वरनं वितळलेल्या लोखंडाचं भांडं आमच्या डोक्यावरनं न्यायचा, एकवीस वर्षांत एक थेंब कुणावर सांडला नाही. डाव्या कानानं ठार बहिरा. त्याच्याशी बोलायचं तर उजवीकडनं, नाहीतर गप्प बसायचं, आणि खरं सांगू का, आमचं निम्मं आयुष्य गप्प बसण्यातच गेलं आणि काही बिघडलं नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ठरलेला. आर्लीनच्या खानावळीमागं तळ्याकाठी तीन लाकडी खोल्या आहेत, त्यातली मधली आमची. बावीस वर्षं. पण ते आठ दिवस म्हणजे सहल नव्हे गड्या. सहल फेब्रुवारीत सुरू व्हायची, गॉर्डीच्या स्वयंपाकघरात. बाहेर गुडघाभर बर्फ, आत त्याची बायको डोलोरेस कोबी शिजवतेय, काचांवर वाफ, आणि टेबलावरच्या मेणकापडावर काउंटीचा नकाशा. गॉर्डी लाल पेन्सिलीनं रेघ ओढायचा. या वाटेनं जायचं, इथं पेट्रोल मिळतं, इथला पूल गेल्या साली वाहून गेला, इथं दुपारचं ब्रेड-सॉसेज खायचं कारण इथं मोठा सपाट खडक आहे. मला नकाशा कळत नाही. मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली, मला रान कळतं, कागद कळत नाही. मी फक्त म्हणायचो, गॉर्डी, तिकडं फार चिखल. तो म्हणायचा, तुझ्या डोक्यापेक्षा कमी. आणि जिथं जिथं दोन वाटा फुटतात, त्या प्रत्येक फाट्यावर तो एक बारीक गोल काढायचा. गोल म्हणजे थांबा. पुढच्यानं फाट्यावर थांबायचं, मागचा दिसेस्तोवर. मागच्यानं पाहिलं की आपण कुठल्या वाटेला लागलो, मग गाडी पुढं काढायची. एवढा एकच नियम. बाकी सगळं, पिणं, शिव्या, कोण जास्त घोरतं, त्याला नियम नव्हता.

मी पुढं, तो मागं. हेही कधी ठरवलं नव्हतं. मला धूळ सोसत नाही आणि त्याला घाई सोसत नाही. मागचा माणूस म्हणजे काय असतं हे तुला सांगता येत नाही मला. तो दिसत नाही. आवाजही येत नाही, कानात आपल्याच इंजिनाची घरघर. पण पाठीला कळतं. आपण फाउंड्रीत भट्टीकडं पाठ करून उभे असलो की जसं कळतं भट्टी चालू आहे, तसं. बावीस वर्षं माझी पाठ गरम होती. बायको गेली त्या वर्षीही मी गेलो होतो, आणि तिकडं फाट्यावर थांबून मागं बघायचो तेव्हा झाडांतनं आधी त्याचा दिवा लुकलुकायचा, मग तो यायचा, शेजारी येऊन उभा राहायचा, एक शब्द बोलायचा नाही. डोळे पुसायला मला वेळ द्यायचा आणि स्वतः पक्ष्यांकडं बघायचा. एकदा म्हणाला फक्त, "धूळ फार आहे आज." पाऊस पडून गेला होता तेव्हा. धुळीचा कण नव्हता.

आता गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या सप्टेंबरची गोष्ट. शुक्रवार, शेवटचा दिवस. त्या वर्षी गॉर्डी मंदावला होता. वयानं म्हण, पाठीनं म्हण. दर मैलावर त्याला उतरायचं असायचं. कधी लघवीला, कधी कुठलं तरी भूछत्र बघायला, कधी नुसतंच. मी फाट्यावर थांबायचो, इंजिन बंद करायचो, हात अवघडायचे, ही बोटं पांढरी पडायची. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग दिवा दिसायचा. मी हसायचो त्याच्याकडं बघून, पण आत काहीतरी चावत होतं. पाच दिवस चावत होतं. आणि शुक्रवारी दुपारी शेवटच्या फाट्यावर आलो. डावीकडं जुनी लाकडाची वाट, दलदलीत उतरते. उजवीकडं रेल्वेचा बांध, सरळ सहा मैल, आर्लीनच्या दारापर्यंत. शुक्रवारी तिथं मासे तळतात. ऊन तिरकं, पानं सगळी पिवळी, इतकी पिवळी की डोळ्यांत जातात. मी मागं बघितलं. दिवा नव्हता. वळणावर थोडी धूळ हलत होती, ती माझीच असेल. मी म्हणालो, आलाच असेल. थांबलो नाही. गाडी उजवीकडं घातली.

एवढंच असतं तर मी हे दुसऱ्या कुणाला कधीच सांगून टाकलं असतं. घाई झाली, चुकलो, माणूस आहे. पण ते एवढंच नाही. बांधावर लागलो आणि मी गाडी जी सोडली. चौथ्या गिअरवर. दोन्हीकडनं पिवळं वाहतंय, वारा दातांत शिरतोय, खालनं खडी उडतेय, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मागं कोणी नाही. कुणासाठी थांबायचं नाही. बायकोसाठी चार वर्षं थांबलो होतो, हॉस्पिटलच्या त्या हिरव्या खुर्चीत. पोरीसाठी थांबलो, बसच्या, शाळेच्या. मला वाटलं, ही पाठ आता माझी आहे. गार वाटली पाठ आणि ते गारही छान वाटलं. मी ओरडलो, लेका, त्या बांधावर. म्हातारा माणूस. गुरासारखा ओरडलो. आणि त्याच दमात समोरनं चार गाड्या आल्या. पुढं एक बाई, नारिंगी जाकीट, तिनं तीन बोटं दाखवली. आणि माझं हे बोट वर झालं. मागं एक आहे. खरं तर मला तेव्हा माहीत होतं की तो दोन मैलांत कुठं नाही. खरं बोलायला जीभ उचलत नाही म्हणतात ना, तशी माझी मूठ वळली नाही. मूठ दाखवली असती तर मी त्याला सोडून आलोय हे मलाच ऐकू आलं असतं. बाईनं मान हलवली, कडेला घेतलं. मी पुढं.

आर्लीनकडं पोचलो, गाडी लावली, हात धुतले. खिडकीजवळचं आमचं टेबल धरलं, दोन ब्रँड्या सांगितल्या, एक त्याची. त्याच्या ग्लासातला बर्फ विरघळत होता ते मी बघत होतो. आर्लीन म्हणाली, कुठंय आमचा मुनी? मी म्हणालो, भूछत्रं मोजतोय. सगळे हसले. मासे आले, मी खाल्ले. हे तुला सांगतोय कारण हे मला चुकवता येत नाही. मी मासे खाल्ले आणि कोबीची कोशिंबीरही खाल्ली. त्याच्या ग्लासातला बर्फ पार संपला तेव्हा मी उठलो, आणि मी दाराशी जातोय तोच ती नारिंगी जाकिटाची बाई आत आली. कमरेपर्यंत चिखल. व्हर्ना नाव तिचं, दूध डेअरीत कामाला होती कुठं तरी.  तिनं मला ओळखलं. म्हणाली, "एक बोट दाखवलंत ते तुम्हीच ना?"

ती थांबली होती रे. बांधावरच्या पुलाच्या तोंडाशी, चारही गाड्या कडेला लावून, वीस मिनिटं. माझ्या बोटावर विसंबून. तिच्या मागचे पुरुष म्हणत होते चला, गेला असेल दुसरीकडं. ही म्हणाली, त्या माणसानं एक दाखवलंय, एक आल्याशिवाय मी हलत नाही. मग फाट्यापर्यंत गेली, चाकाच्या ताज्या खुणा डावीकडं गेलेल्या दिसल्या, त्या धरून दलदलीत उतरली. गॉर्डी उलटलेल्या गाडीखाली होता. खुब्याचं हाड मोडलेलं, छातीपर्यंत गार पाणी. शुद्धीवर होता. तिला म्हणाला म्हणे, बाई, आधी जीनला बघा. जीन म्हणजे मी. जीन पावलाक.

आणि मग काय झालं माहीत आहे? माझं कौतुक झालं. खरंच. व्हर्नाच म्हणाली, बरं झालं तुम्ही बोट दाखवलंत, नाहीतर अंधार पडला असता आणि तो गारठून मेला असता. लोकांनी पाठीवर थापा मारल्या. आर्लीननं माझ्यापुढं आणखी एक ग्लास ठेवला आणि म्हणाली, बावीस वर्षांची सवय, बघा, सवयीनं वाचवलं. माझ्या पाठीवर ते हात पडत होते आणि पाठ गारच होती. मला वाटलं होतं ती गार छान आहे. ती तेव्हापासून गेलेली नाही. जूनमध्ये, जुलैत, दोन स्वेटर घालून बघितलं.

हॉस्पिटलात गेलो. खोलीत चारपाच जण होते, गॉर्डी सगळ्यांना अस्वलाची गोष्ट सांगत होता. अस्वलाचं पिल्लू आडवं आलं, एवढं, मांजराएवढं, त्याला चुकवायला गेलो आणि वाट चुकलो, माझीच चूक. त्याच्या मेहुण्यानं विचारलं, पिल्लाची आई कुठं होती? म्हणाला, ती डोलोरेसबरोबर कोबी शिजवत होती. सगळे हसले, डोलोरेससुद्धा. मग सगळे कॉफीला गेले. आम्ही दोघं. मी चुकून त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो, उठून उजवीकडं आलो. यंत्र टिकटिक करत होतं. त्यानं छताकडं बघत विचारलं, "फाट्यावर किती वेळ थांबला होतास?"

आवाजात काही नव्हतं. वेळ विचारावी तसं विचारलं.

मी म्हणालो, "दहा मिनिटं."

तो म्हणाला, "बरं."

ते 'बरं' अजून माझ्या घरात आहे. सकाळी नळ सोडला की ऐकू येतं. खाली गाडी ठेवायच्या जागेत आलो तर डोलोरेस भेटली, सिगारेट ओढत. तिला काही माहीत नव्हतं, ती साधेपणानं बोलत होती. म्हणाली, तो येड्यासारखा बडबडतोय गुंगीत. म्हणतो, फाट्यावर जीन नव्हता. जीन नाही असं होणारच नाही, म्हणजे जीन दलदलीत घसरला असणार. म्हणून मी डावीकडं गेलो. तिनं सिगारेट पायाखाली चिरडली आणि मला विचारलं, "अस्वल होतं का रे खरंच?" मी म्हणालो, असेल, तिकडं असतात.

कळलं का तुला? तो वाट चुकला नव्हता. बावीस वर्षांत तो एकदाही वाट चुकला नाही, रेघा त्यानंच ओढल्या होत्या. तो मला शोधायला गेला होता. मी थांबलो नसेन हे त्याच्या डोक्यात बसलंच नाही. त्यापेक्षा मी मेलो असेन हे त्याला सोपं वाटलं. आणि मी दहा मिनिटं थांबलो असतो तर आम्ही फाट्यावर भेटलोच असतो, हे त्याला तेव्हाच कळलं असणार, तो 'बरं' म्हणाला तेव्हा.

त्यानंतर त्याचा फोन यायचा. पहिल्या हिवाळ्यात, दर रविवारी, साडेदहाला, चर्चहून आल्यावर. फोन वाजायचा आणि मी त्याच्याकडं बघत बसायचो. पहिल्यांदा मनात म्हणालो, पुढच्या रविवारी उचलू. फेब्रुवारी आला तेव्हा तो मधल्याच वारी, बुधवारी, वाजला. नकाशाचा महिना. मला दिसत होतं, मेणकापड, पेन्सिल, काचांवर वाफ. वीस वेळा वाजला असेल. मी कोट घातला, जोडे घातले, दाराच्या मुठीवर हात ठेवला. मग जोडे काढले. त्यानंतर वाजला नाही. गेल्या सप्टेंबरात मी गेलो नाही. तो आठवडा मी या रस्त्यावर चालून काढला, इकडनं तिकडं, आणि प्रत्येक कोपऱ्यावर माझे पाय आपोआप थांबायचे. दिवा हिरवा, लोक शिव्या देतायत, आणि मी उभा. एका बाईनं मला हात धरून रस्ता ओलांडून दिला, आंधळा समजून. मी तिला थँक्यू म्हणालो. काय करणार?

मग या मार्चमध्ये मी एक येडेपणा केला. माझी जुनी गाडी दिली आणि तिच्या बदल्यात दोन सीटांची घेतली. मोटारीसारखी, शेजारी शेजारी बसायचं, वर छत, पट्टे, पाय लांब करायला जागा. पोरगी म्हणाली, पप्पा, एकट्याला दोन सीटा कशाला? मी म्हणालो, पिशवी ठेवायला. आणि नकाशा आणला. पहिल्यांदा आयुष्यात. लाल पेन्सिल आणली. महिनाभर रोज दुपारी स्वयंपाकघरात बसतो, चष्मा लावून, त्या रेघा समजून घेतो. हिरवं म्हणजे काय, तुटक रेघ म्हणजे काय. एका जागी मी तळ्याला वाट समजलो होतो, तीन मैल पाण्यातनं नेलं होतं आम्हाला. खोडलं, परत काढलं. दलदलीकडची वाट घेतलीच नाही. खुब्यात लोखंड घातलेल्या माणसाला पाऊण तासावर उतरावं लागतं, म्हणून पाऊण तासावर कुठं कुठं बसायला ओंडका आहे, खडक आहे, ते आठवून आठवून खुणा केल्या. सपाट खडक दुसऱ्या दिवशी ठेवला. आणि सवयीनं प्रत्येक फाट्यावर एक एक गोल काढत गेलो. अठरा गोल काढले. मग लक्षात आलं, एकाच गाडीत बसल्यावर फाट्यावर थांबायचं कशाला? थांबणार कुणासाठी? खोडायला लागलो. दोन खोडले आणि बाकीचे खोडवेनात. राहू दिले. समोरनं कोणी आलं तर मी मूठ दाखवणार होतो. मागं कोणी नाही. आणि त्या वेळी ते खरं असणार होतं, कारण तो शेजारी असणार होता. बेत तर पक्का झाला, गड्या. सगळा झाला. फक्त ज्याच्यासाठी केला त्याला विचारलेलं नाही.

आणि काल आर्लीनचा फोन आला. तिचं बोलणं असं, कुऱ्हाडीसारखं. म्हणाली, मधली खोली मी गेल्या वर्षी रिकामी ठेवली, यंदा शेजारच्या इलिनॉय राज्यातली माणसं मागतायत, आणि इलिनॉयच्या माणसांना माझी मधली खोली द्यायची पाळी तू आणलीस तर तुझा फोटो मी भिंतीवरनं काढून मुतारीत लावीन. उद्या सहापर्यंत सांग. मी म्हणालो, सांगतो. तिनं विचारलं, "एक पलंग की दोन?" मी लाल पेन्सिलीला टोक करायला लागलो.  मग मऊ आवाजात म्हणाली, जीन, तो विचारतो तुझ्याबद्दल. ख्रिसमसचं कार्ड आलं होतं त्याचं. मी विचारलं, काय विचारतो? म्हणाली, विचारतो, जीन बरा आहे ना, त्याला काही झालं तर नाही ना.

बघ. अजून. अजूनही त्याला तेच वाटतंय. मी थांबलो नाही म्हणजे मला काहीतरी झालं असणार.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही आणि सकाळी हे बोट. सायकलवाल्यानं माझ्या मागं बघितलं ना, त्याच्या चेहऱ्यात मला व्हर्ना दिसली. अनोळखी माणूस, पाय टेकून थांबलेला, माझ्या बोटावर विश्वास ठेवून, मागनं कोणी तरी येतंय म्हणून. किती जणांना मी असं थांबवून ठेवायचं? अकरा वाजता माझ्या फोनवर मालकाकडनं आकडे दाबून घेतले आणि त्याला लावला. वाजून वाजून बंद झाला. साडेअकराला लावला. बाराला लावला, तेव्हा दोनदाच वाजला आणि तोडला. म्हणजे नंबर बघितला, आणि तोडला. त्याचं बरोबर आहे. मी त्याला एक अख्खा हिवाळा वाजू दिलं.

मला त्याच्याकडनं माफी नको. तो आला नाही तरी मी आर्लीनला एक पलंग सांगीन, आणि त्या दोन सीटांच्या गाडीत एकटा बसून मूठ दाखवत फिरीन, खरी मूठ. पण त्या आधी तीन शब्द त्याच्या उजव्या कानात घालायचेत. थांबलो नव्हतो मी. एवढेच. मग त्यानं परत अस्वलाची गोष्ट सांगावी की फोन आपटावा, त्याची मर्जी.

तुझा फोन तिथं बशीशेजारी पडलाय, मघापासनं बघतोय मी. तुझा नंबर तो ओळखत नाही. अनोळखी फोन तो उचलतो, त्याला वाटतं कुणी तरी वाट चुकलंय. दे मला जरा. आकडे मी सांगतो, तू दाब, या बोटाला ते कळत नाहीत. आणि एक कर. ते बघ, टायरवाला हात करतोय, झाली वाटतं तुझी गाडी. पण लगेच उठू नकोस. माझं बोलणं होईस्तोवर इथंच थांब.